ह्यांचा पक्षी गप्प झालाय

"मॅडम, ह्यांचा पक्षी गप्प झालाय. माझ्याच हातून काहीतरी चुकतंय."

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या सदाशिव पेठेतल्या काकू खुर्चीत बसायच्या आधीच हे बोलल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) यजमान जूनमध्ये गेले. त्यांनी हौसेने पाळलेला पिवळा कॅनरी रोज सकाळी गायचा आणि चहा घेता घेता ते शीळ घालायचे. ऑगस्टअखेर पक्ष्याचं गाणं थांबलं. मुलगा फोनवर म्हणाला, "सोडून दे त्याला." काकूंची झोपच उडाली.

घरचं माणूस गेलं की त्याने मागे ठेवलेला जीव सांभाळणं फार जड जातं. तुळस सुकली म्हणून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे समजूत घालण्याआधी मी विचारलं, "पिंजऱ्याच्या तळाशी काय दिसतं?"

काकूंनी पर्समधून वर्तमानपत्राची पुडी काढली. आत बोटाच्या पेराएवढी पिवळी पिसं होती. टाकवत नाहीत म्हणाल्या.

निम्मं उत्तर त्या पुडीतच होतं. दिवस लहान होऊ लागले की कॅनरी वर्षातून एकदा पिसं टाकतो. ६ ते ८ आठवडे, कधी त्याहून जास्त, त्याची सगळी ताकद नव्या पिसांत जाते आणि नर गायचा थांबतो. तरी डॉक्टरांना दाखवायला मी सांगितलंच. पक्षी अंग फुगवून तळाशी बसला, चोच उघडून श्वास घेऊ लागला, तर एक दिवसही थांबू नये. काकूंचा पक्षी ठीक निघाला. डॉक्टरांनी थोडं उकडलेलं अंडं द्यायला सांगितलं. काकूंच्या स्वयंपाकघरात अंडं कधी आलं नव्हतं, शेजारीण उकडून देऊ लागली.

सोडून देण्याला मात्र मी ठाम नकार दिला. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला हा पक्षी पुण्याच्या कावळ्या-घारींत टिकणार नाही.

पिंजरा यजमानांच्या फोटोखाली, दोन्ही वेळच्या उदबत्तीच्या धुरात टांगलेला होता. पक्ष्यांना धूर सोसत नाही, म्हणून तो खिडकीशी, वाऱ्याचा झोत लागणार नाही असा हलवला. आणि काकूंचा टीव्ही रात्री ११ पर्यंत चालायचा. कॅनरी ऋतू ओळखतो तो उजेड-अंधारावरून, त्याला दिवस मावळल्यावर काळोख हवा.

जानेवारीत फोन आला. "गातोय हो. पण ते गाणं नाही. ह्यांना विसरला का?"

मी त्यांना बोलावून घेतलं. फर्नांडो नॉटेबोम या शास्त्रज्ञाने १९८१ साली दाखवून दिलं, की नर कॅनरीच्या मेंदूतला गाण्याचा भाग विणीनंतर आकसतो आणि वसंतापर्यंत पुन्हा वाढतो. दरवर्षी त्याच्या गाण्यात नव्या लकेरी येतात. ऐकून काकू खूप वेळ रडल्या. जूनपासून पहिल्यांदाच, असं त्याच म्हणाल्या. पुढच्या तीन भेटींत पक्ष्याचा विषय निघाला नाही. आम्ही काकांबद्दल बोललो.

आता संध्याकाळी पिंजऱ्यावर कापड पडतं आणि टीव्ही बंद होतो. त्या वेळात काकू शेजारणीबरोबर सारसबागेत जातात.