हरणाला आपली चाहूल का लागते?

प्रश्न : उन्हाळ्यात परवानगी काढून ताडोबाच्या बफरमध्ये एका पाणवठ्याजवळ लपणात बसलो होतो. हिरवे-तपकिरी कपडे, तोंडावर जाळी, सगळी तयारी होती. तरीही सांबर झाडीतूनच ‘ढांक’ असा धोक्याचा आवाज करून परत फिरलं. काय चुकलं? – एक छायाचित्रकार, नागपूर

तुम्ही त्याला दिसला नाहीत, तुमचा वास गेला. सांबर पाण्यावर थेट उतरत नाही. झाडीच्या कडेला थांबतं, नाक वर करून वारा घेतं आणि खात्री पटली तरच पुढचं पाऊल टाकतं. आपण मात्र कपड्यांवर हजारो रुपये घालतो आणि वारा कुठून येतोय हे बघायचं विसरतो. माझ्या मते फसलेल्या बैठकांचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

आधी जनावर कोणत्या वाटेनं येतं ते पाहा. खुरांचे ठसे, लेंड्या, पाण्याकडे उतरणारी पायवाट यावरून ते कळतं. मग वारा त्या वाटेकडून तुमच्याकडे येईल, निदान आडवा जाईल, अशी जागा घ्या. चिमूटभर बारीक राख हातातून सोडली की पानही हलत नसताना हवा कुणीकडे सरकतेय ते समजतं.

मेळघाटासारख्या डोंगराळ भागात एवढ्यावर भागत नाही. ऊन चढलं की तापलेली हवा उतारावरून वर जाते आणि सूर्य कलला की गार हवा नाल्या-नाल्यांतून खाली उतरते. पाणवठे बहुधा नाल्यातच असतात. त्यामुळे दुपारी तीनला बिनचूक वाटलेली वरच्या अंगाची जागा संध्याकाळी दगा देते आणि सांबर निघतं ते नेमकं त्याच सुमारास. संध्याकाळसाठी बसायचं असेल तर संध्याकाळचा वारा धरूनच जागा ठरवा.

अत्तर, सुगंधी साबण, तंबाखू घरीच ठेवा. पण माणसाचा वास कशानंही पुरता जात नाही. वास मारणारे फवारे विकत घेण्यापेक्षा वीस पावलं सरकून बसणं मला केव्हाही पटतं.

प्रश्न : मी सध्या पेनसिल्व्हेनियात लेकीकडे आहे. जावई परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातात. तिथं म्हणे भडक नारिंगी जाकीट सक्तीचं! मग हरीण पळून जात नाही का? – एक वाचक

नाही. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, हरणाच्या डोळ्यांत दोनच. एक निळ्याला प्रतिसाद देते, दुसरी हिरव्याच्या आसपासच्या रंगांना. लाल-नारिंगी छटा त्याला वेगळ्या उठून दिसत नाहीत, वाळक्या पाचोळ्यात मिसळून जातात. माणसाला मात्र नारिंगी लांबून दिसतो आणि दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी चुकून लागण्याचा धोका टळतो. तिथं रायफलच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान 250 चौरस इंच नारिंगी कापड अंगावर लागतं. जावईबापूंनी ते टाळू नये.

काळजी घ्यायची ती निळ्याची. निळी जीन्स हरणाला ठसठशीत दिसते. शिवाय कपडे उजळ दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जी द्रव्यं घालतात, ती अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत टाकतात. झुंजूमुंजू असताना ते हरणाच्या नजरेत भरू शकतं. जंगलाचे कपडे अशा पावडरीनं धुऊ नका, हे ताडोबालाही लागू आहे.

प्रश्न : जिप्सी दहा हातांवर आली तरी चितळ चरत राहतं, मग पायी माणूस दिसला की का उधळतं? – एक शिक्षिका, अमरावती

गाडीचा आकार त्याच्या रोजच्या सवयीचा झालेला असतो आणि त्यातून कधी त्रास झालेला नसतो. दोन पायांवर उभी आकृती म्हणजे मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचा शत्रू. आपल्याकडच्या जुन्या शिकाऱ्यांनी हे पुरतं ओळखलं होतं. कोल्हापूर संस्थानात शिकवलेल्या चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होई, तेव्हा डोळे झाकलेला चित्ता बैलगाडीवरून कळपाजवळ नेत. रानात रोज दिसणाऱ्या गाडीला कळप बिचकत नसे. फासेपारधी शिकवलेल्या बैलाच्या आडोशानं पुढे सरकत. (काळवीट हे खरं तर हरीण नव्हे, कुरंग. त्याची शिंगं दरवर्षी गळत नाहीत. सावधपणा मात्र तसाच.) म्हणून जिप्सीत उभं राहून हात बाहेर काढला की तो ओळखीचा आकार मोडतो आणि कळप उठतो.

प्रश्न : चितळं हरभरा खातात. रात्री लपून बसून एखादं टिपलं तर? – एक शेतकरी, गोंदिया

अजिबात नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे आणि शिकार म्हणजे केवळ मारणं नव्हे. फास लावणं, हाकून कोंडणं, आमिष टाकणं, त्यातला प्रयत्नसुद्धा गुन्हा आहे. तुमचं नुकसान खरं आहे, ते सोसत गप्प बसू नका. पिकाचे फोटो काढा, त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा आणि पंचनामा करून भरपाईसाठी अर्ज करा.

प्रश्न : या बुद्धपौर्णिमेला ‘निसर्गानुभव’साठी, म्हणजे वनखात्याच्या रात्रभर प्राणी पाहण्याच्या उपक्रमासाठी, मचाणावर पहिल्यांदाच बसणार आहे. जनावराला आपला संशय आलाय हे कसं ओळखायचं? – एक विद्यार्थी, पुणे

मान ताठ होते, दोन्ही कान तुमच्याकडे वळतात, पुढचा पाय जमिनीवर आपटला जातो आणि शेपटी वर उठते. या क्षणी बहुतेक जण आणखी खाली वाकतात, आणि तीच हालचाल त्याला दिसते. आहात तसे थिजून राहा, डोळेही रोखू नका. ते पुन्हा चरायला किंवा पाणी प्यायला लागलं तरी लगेच कॅमेऱ्याकडे हात नेऊ नका, पटकन मान वर करून ते पुन्हा बघतं. सगळं सामान उजेड असतानाच हाताशी मांडून ठेवा. पाण्याची बाटली करकरणारी नको आणि खाऊची प्लास्टिकची पुडी तर नकोच.

चितळ ओरडायला लागलं तर आधी त्याचं तोंड कुणीकडे आहे ते पाहा. तुमच्याकडे असेल तर कारण तुम्ही. निपचित बसा, त्याला पाणी पिऊ द्या. तोंड दुसरीकडे असेल तर तिकडे वाघ किंवा बिबट्या असू शकतो. मचाणावरूनच, खाली न उतरता, दुर्बीण त्या दिशेला लावा.