दिवाळी अंक माळ्यावरून खाली काढा

सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. अकरावी सायन्सला गेली आणि पहिल्याच चाचणीत बायोलॉजीचे मार्क घसरले. तेव्हापासून तुम्ही रोज सकाळी तिला इंग्रजी पेपरचा अग्रलेख मोठ्याने वाचायला लावता, अडलेला प्रत्येक शब्द वहीत उतरवून घेता, आणि तिचे दिवाळी अंक माळ्यावर टाकलेत. आता स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का, असं विचारता.

मार्कांची मला काळजी नाही. पत्रातलं एक वाक्य मात्र डोक्यातून जात नाही: 'पाहुणे आले की त्यांच्यासमोर वाचायला लावतो, म्हणजे भीड चेपेल.' भीड अशी चेपत नाही. तिचं सगळं लक्ष उच्चारांकडे आणि तुमच्या कपाळावरच्या आठीकडे असणार. वाचलेलं डोक्यात शिरणार कधी? तुम्ही हे मायेपोटी करता, हे कळतं. तरी आजपासून बंद करा. आणि दिवाळी अंक खाली काढा. आवडीने मराठी वाचणारी मुलगी मुद्दा पकडायला, पुढचं वाक्य कुठे जाईल याचा अंदाज बांधायला शिकलेली असते. इंग्रजी वाचतानाही तेच कामी येतं.

'जितकं अवघड वाचेल तितकं इंग्रजी सुधारेल' हा समज आधी सोडा. हू आणि पॉल नेशन या अभ्यासकांनी २००० साली दाखवलं की, मजकूर कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायला शंभरातले साधारण ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर अनोळखी फार तर सहा. तुम्ही पाठवलेल्या वहीच्या फोटोत एकाच अग्रलेखातले ४३ शब्द आहेत! पहिला 'अनप्रेसिडेंटेड – अभूतपूर्व'. अर्थ शोधून होईतो वाक्य निसटलेलं असतं. शिवाय बायोलॉजीत तिची अडचण वेगळीच असणार. 'सेल वॉल' म्हणजे पेशीभित्तिका, हे एकदा सांगितलं की तिला पुरतं. मराठी माध्यमातली मुलं अडतात ती 'व्हेअरॅज' (याउलट), 'अनलेस' (तसं झालं नाही तर), 'रिस्पेक्टिव्हली' (अनुक्रमे) अशा शब्दांपाशी. 'रिस्पेक्टिव्हली' कळलं नाही की पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला जाऊन चिकटतं. वहीत असे वीस-पंचवीस शब्द उतरवले तरी पुष्कळ.

बालभारतीचं दहावीचं विज्ञान तिने मराठीत वर्षभर वाचलंय. त्याचीच इंग्रजी आवृत्ती बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. भाग १ मधल्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यापासून सुरुवात करू दे. आशय पाठ आहे, त्यामुळे झुंज फक्त भाषेशी. रोज वीस मिनिटं, मनातल्या मनात, डिक्शनरी बंद. न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ मारायची आणि पुढे जायचं. ते सोपं वाटलं की अकरावीचं पुस्तक.

मेडिकलच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा मराठीतूनही देता येते; पण पुढची जाडजूड पुस्तकं इंग्रजीत आहेत, म्हणून हे वाचन हवंच. स्पोकनच्या क्लासने ते येणार नाही. ते पैसे ठेवा.

तुमच्या दोन पानी पत्रात तिला काय शिकायचंय, याची एक ओळही नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, मराठीत. आणि ते वाचायला मागू नका.