आजी भाकरी लपवते

प्रश्न: आजीने ७२च्या दुष्काळात खडी फोडून, सुकडीवर लेकरं जगवली. आता घरात सगळं भरपूर आहे तरी शिळी भाकरी डब्यात लपवते, कुणी हात लावला की चिडते. भुकेने माणसाचा स्वभावच बदलतो का हो?

उत्तर: हो, बदलतो, आणि त्यात आजीचा काहीच दोष नाही. १९४५ला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना, तेही स्वतःहून आलेल्या, सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तर चांगली समजूतदार पोरं चिडकी झाली, एकलकोंडी झाली, ताटं चाटायला लागली, रेसिपीची पुस्तकं वाचत बसायची आणि पोटभर मिळायला लागल्यावरही कितीतरी जणांची खा-खा लवकर थांबली नाही. आजीचा डबा रिकामा करू नका प्लीज, शिळी काढायची तर तिच्यासमोरच ताजी ठेवून काढा.