दोन वर्षं लातूरला राहून ‘नीट’ परीक्षा दिली, एमबीबीएसला नंबर लागला नाही. यात देवाचा काही हेतू आहे, यावर विश्वास कसा ठेवू?

हेतू आत्ताच कळला पाहिजे हा आग्रह सोडा, पण देवाशी बोलणं सोडू नका; विश्वास टिकतो तो असाच. आमच्या घरात पंढरीची वारी आहे, तिथं हेच शिकलो. आपल्या गंगाखेडची जनाबाई बघा. लहानपणीच ती पंढरपूरला नामदेवांच्या घरी आली आणि जन्म दळण-कांडणात, शेणगोवऱ्या वेचण्यात गेला. तिच्या अभंगांत विठ्ठल तिचं काम नाहीसं करून टाकत नाही, तो जात्याचा खुंटा धरून तिच्यासोबत दळायला बसतो. काम तेच राहिलं, सोबत मिळाली. आणि रागावली तेव्हा तिनं त्याच विठ्ठलाला शिव्याही घातल्या! म्हणून निकालाचा राग आला असेल तर तो देवापुढं बोलून टाका, त्यात श्रद्धा कमी होत नाही.

मात्र ‘देवाची मर्जी’ म्हणून पेपर बाजूला ठेवू नका. कुठल्या विषयात चुकीच्या उत्तरांनी गुण गेले ते मोजा (चुकीमागं एक गुण कापला जातो, फिजिक्समध्ये तो फार महागात पडतो), बीएएमएस-बीएचएमएसच्या (आयुर्वेद-होमिओपॅथीच्या) प्रवेशफेऱ्या चालू असतील तर तारखा बघा. आणि झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर आजच घरी सांगा किंवा १४४१६ वर फोन करा. सरकारची ही टेलिमानस सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येतं.