निकाल थोडक्यात फिरला तर फेरमोजणी आपोआप होते का?

नाही. भारतात मतांचा फरक कितीही कमी असला तरी ईव्हीएमची फेरमोजणी आपोआप होत नाही. बेरीज जाहीर झाल्यावर आणि निकाल घोषित होण्याआधी उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने कारणांसह लेखी अर्ज द्यावा लागतो. तो मानायचा की फेटाळायचा, हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. एकदा निकाल घोषित झाला की मग ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका, एवढाच रस्ता. २०२४ मध्ये मुंबई उत्तर पश्चिममधून रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी जिंकले, तेव्हा हरलेले अमोल कीर्तिकरही याच वाटेने गेले. याचिका फेटाळली गेली.

तसंही मशीनची फेरमोजणी म्हणजे बटण दाबून तोच आकडा पुन्हा बघणं. खरी पडताळणी व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेलं ते कागदावर छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांची. लोकसभेला प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली ५ मतदान केंद्रं सोडतीने निवडतात आणि तिथल्या चिठ्ठ्या हाताने मोजतात. ही मोजणी मात्र न मागता होते. तफावत निघाली तर कागदी चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ च्या निकालानुसार दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार निवडणुकीचा निकाल लागल्यापासून ७ दिवसांत ५ टक्के मशीन तपासून मागू शकतो. खर्च त्याचा; छेडछाड सिद्ध झाली तरच परत.