वाचनाची धास्ती चाळिशीनंतरही का राहते?

प्रश्न : मी हर्णै बंदरात मच्छीमार बोटींची इंजिने दुरुस्त करतो, वय ४१. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड कळतो, पण अर्ज भरायचा म्हटले की घाम फुटतो. सुट्या भागांचे क्रमांक लिहिताना आकडे मागेपुढे होतात. मोबाइलवरचा लांब मजकूर पत्नीकडून वाचून घेतो. हे पत्रही तिनेच लिहून दिले आहे. शाळेत ‘आळशी’ म्हणून मार खाल्ला आणि नववीत शाळा सोडली. आता तिसरीतल्या मुलीला डिस्लेक्सिया असल्याचे निदान झाले आहे. तिच्याबद्दल विचारलेले बहुतेक प्रश्न मला माझ्याबद्दलचेच वाटले. या वयात हे ओळखता येते का, आणि ओळखून उपयोग काय?
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : आपली शंका रास्त आहे. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली जन्मजात अडचण, अनेकदा एकाच कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या आढळतो, आणि मुलांच्या निदानानंतर आईवडिलांना स्वतःच्या शाळेतल्या दिवसांचा उलगडा होणे नवीन नाही. बुद्धीशी त्याचा संबंध नाही. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी १४ वर्षांच्या एका मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. त्याला वाचता येत नसे, मात्र शिक्षण केवळ तोंडी असते तर तो शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते.

मूळ अडचण डोळ्यांत नसून, शब्दातले ध्वनी सुटे करून ते अक्षरांशी जोडण्यात असते. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बराच सरळ असल्यामुळे मराठी माणूस मोठेपणी कसेबसे बरोबर वाचू लागतो. राहतो तो संथपणा. जोडाक्षरांवर अडखळणे, अनुस्वार गळणे, ओळ सुटणे, एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागणे आणि इंग्रजी स्पेलिंगपुढे पूर्ण हतबल होणे, या खुणा लहानपणापासून असतील तर त्यांना महत्त्व द्यावे. केवळ ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुरावा मानू नयेत, नाहीतर आम्हा लेखकमंडळींपैकी निम्मे संशयित ठरतील. माझ्या मते प्रौढांमध्ये चुकांपेक्षा पळवाटा अधिक बोलक्या असतात: चष्मा विसरल्याची सबब, ‘अर्ज घरी नेऊन भरतो’ असे सांगणे, वाचावे लागू नये म्हणून सगळे तोंडपाठ ठेवणे.

तथापि आपण नववीत शाळा सोडली, म्हणजे वाचनाचा सरावही कमी झाला. त्यामुळे अडचण पहिली-दुसरीपासूनच होती का, हे आपल्या आईला किंवा थोरल्या भावंडांना विचारावे. चाळिशीत जवळचे अंधूक दिसू लागते, म्हणून डोळेही तपासून घ्यावेत. पूर्वी सहज वाचणाऱ्या व्यक्तीला अचानक वाचता येईनासे झाले, तर तो डिस्लेक्सिया न समजता तातडीने रुग्णालय गाठावे, कारण तसे पक्षाघातातही होते.

निदान चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ करतात. मराठीतही उपलब्ध असलेली ‘डाली’ ही चाचणी प्राथमिक वर्गांतील मुलांसाठी आहे. प्रौढांच्या बाबतीत वाचनाचा वेग, शुद्धलेखन, निरर्थक शब्दांचे वाचन आणि पूर्वेतिहास एकत्र पाहावे लागतात. जुनी प्रगतिपुस्तके असल्यास सोबत न्यावीत. कोणाकडे जावे याची चौकशी रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात करता येईल.

यावर गोळी नाही, पण सोयी पुष्कळ आहेत. मोबाइल मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो आणि बोललेले टंकून देतो. सुट्या भागाचा क्रमांक वहीत उतरवण्याऐवजी त्याच्या पट्टीचे छायाचित्र घ्यावे. लिहावाच लागला तर दोन-दोन आकडे मोठ्याने म्हणत लिहावा.

मुलीबाबत मात्र विलंब नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया त्यातच मोडतो) समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असल्यास राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षांत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. वाचनाचा पद्धतशीर सराव विशेष शिक्षकांकडून करून घ्यावा. घरी आपण तिच्याशेजारी बसून वाचताना अडखळलात, तरी त्यामुळे तिचे नुकसान होणार नाही.