एमबीआरटी अर्ध्या तासात उतरतोय म्हणजे ओल कुठंतरी राहतेय

दादा, फॅट चांगलं लागतंय, गाई ठणठणीत आहेत, रोज कास धुताय आणि तरी डेअरीवाला एमबीआरटी (दुधातले जंतू तपासायची चाचणी) अर्ध्या तासात उतरतो म्हणून दूध परत पाठवतोय, असं म्हणताय ना. आता फॅट-एसएनएफचा (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकी घन भाग) आणि जंतूंचा काही संबंध नाही. एमबीआरटीत दुधात निळा रंग टाकून ३७ डिग्रीला ठेवतात, जंतू जेवढे जास्त तेवढा निळा लवकर उडतो. ५ तास टिकलं तर एक नंबर, अर्ध्या तासात पांढरं झालं म्हणजे अगदी खालचा ग्रेड.

माझा संशय तुमच्या धुण्यावरच आहे. बादलीभर पाणी अख्ख्या कासेवर ओतायचं आणि तसंच धारेला बसायचं, मग वरचं शेणाचं पाणी ओघळत सडावरून सरळ किटलीत. फक्त सड धुवा, आणि पुसून कोरडे करा, प्रत्येक गाईला वेगळं फडकं (एकच फडकं सगळ्या गाईंना फिरवलं तर दगडी, म्हणजे कासेची सूज, गोठाभर वाटताय तुम्ही). पहिल्या ३-४ धारा काळ्या वाटीत काढून गुठळी बघायची, खाली जमिनीवर नाही. धार झाली की सड आयोडीनच्या कपात बुडवायचे आणि लगेच वैरण टाकायची, कारण सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं, तेवढा वेळ गाय बसली नाही पाहिजे.

भांड्यांचं म्हणाल तर कॅन आधी कोमट पाण्याने विसळा, एकदम कढत ओतलं तर दूध आतून चिकटून बसतं, मग गरम पाणी आणि डेअरीची भांडी धुण्याची पावडर, ब्रशने, झाकणाचं रबर काढून. आणि रात्री कॅन पालथा, झाकण बाजूला. बंद ओला कॅन सकाळी उघडून वास घ्या, कळेल. ॲल्युमिनियमच्या कॅनला कॉस्टिक लावू नका, खातं ते.

उन्हाळ्यात संध्याकाळचं दूध दोन-तीन तास तसंच ठेवत असाल तर वरचं सगळं करून उपयोग नाही, लगेच बल्क कूलरला (दूध थंड करायच्या टाकीला) घाला, ४ डिग्रीला जंतूंची वाढ बरीच मंदावते, पण आधीचे मरत नाहीत. कुणी सोडा नाहीतर पेरॉक्साईड टाक म्हणेल, ती भेसळ आहे, नादी लागू नका.

नक्की चूक कुठंय ते बघायचं तर एकाच दिवशी तीन बाटल्या भरा, उकळून घेतलेल्या. एक सडातून थेट, एक तुमच्या कॅनमधून, एक दूध संकलन केंद्रावर माप झाल्यावर. तिन्ही लगेच बर्फात ठेवून एकत्र एमबीआरटीला लावायला सांगा. पहिली टिकली आणि दुसरी उतरली तर भांडी किंवा हात, पहिलीच उतरली तर सीएमटी (दगडी ओळखायची चाचणी) करून जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा, आणि फक्त तिसरी उतरली तर मग केंद्रवाल्याशी भांडायला मोकळे.